आपाबाईंचं वाचणं

"थांबा. एकजण अजून यायलाय."

आपाबाई पुस्तक मांडीवर मिटून ठेवायच्या आणि असं म्हणायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, कोणी पोर वाटेत असेल. पण वर्ग भरलेला असायचा, हजेरी झालेली असायची, पोरी सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या असायच्या. आपाबाई चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या, पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या आणि एकेकीच्या तोंडाकडं बघत जायच्या. नजर थांबायची तिथं एखादी पोर खिडकीतून मालगाडीचे डबे बघत बसलेली असायची. आपाबाई तिला हाक मारत नसत. नुसत्या वाट बघायच्या. जरा वेळानं ती पोर आपणच वळायची.

"आली," आपाबाई म्हणायच्या. मग पुस्तक उघडायचं.

पूर्णेच्या मुलींच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गावात लोक शाळेला अजून मदरसाच म्हणत. उर्दूतून शिकवणं बंद होऊन मराठी सुरू झालं होतं, आणि जुन्या मास्तरणींपैकी बऱ्याच जणी निघून गेल्या होत्या. आपाबाई राहिल्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, रेल्वेत गार्ड होते. उर्दूच्या काळात पोरी त्यांना 'आपा' म्हणत. मराठीत मास्तरणीला 'बाई' म्हणायचं असं ठरल्यावर पोरींनी जुनं न सोडता नवं जोडलं आणि त्या आपाबाई झाल्या. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

त्या मूळच्या पालमकडच्या. घरात दखनी बोलत, पण मराठी बोलायच्या ती थेट आपल्या शेतातल्या बायांसारखी. अडचण होती ती नागरी अक्षरांची. मी परभणीहून शिकवण्याचा कोर्स करून आलेली, म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेनं, मला त्यांच्याशेजारी बसवलं आणि जोडाक्षरं शिकवायला सांगितलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मराठी पुस्तक उजवीकडून उघडलं, शेवटचं पान बघितलं आणि हसू लागल्या.

"अगे, ही गोष्ट तर शेवटापासूनच सुरू व्हायलीय!"

मराठीचा इम्तिहान द्यायचा म्हणून त्या रोज दुपारच्या सुट्टीत माझ्यासमोर बसायच्या. बोट ओळीवरून सरकायचं, जोडाक्षराशी अडायचं, ओठ हलायचे, मग शब्द यायचा. पुढं त्या इम्तिहान पास झाल्या, पण ते बोट काही गेलं नाही. वर्गात वाचतानाही ते ओळीवर असायचं आणि अडायचं. अडलं की सगळा वर्ग अडायचा. पोरी पुढं झुकायच्या, श्वास धरायच्या. शब्द आला की सगळ्यांना तो आपल्यालाच सापडल्यासारखं व्हायचं.

मी स्वतः झरझर वाचायचे. कोर्समध्ये आम्हाला सांगितलं होतं की गोष्ट हावभावासह वाचावी. म्हणून मी एकदा पहिलीच्या वर्गात वाघाची गोष्ट वाचताना अशी काही डरकाळी फोडली की पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं सतरंजी ओली केली. बाकीच्या रडायला लागल्या. आपाबाई शेजारच्या वर्गातून धावत आल्या. त्यांनी त्या पोरीला बाहेर नेलं, धुतलं, परत आणलं, मांडीवर घेतलं आणि तीच गोष्ट पुन्हा सुरू केली. वाघ आला तेव्हा त्यांचा आवाज वर गेला नाही, खाली आला. इतका खाली की पोरी सरकत सरकत त्यांच्या पायाशी गोळा झाल्या. भिजलेली पोर डोळे मोठे करून हसत होती.

नंतर मला म्हणाल्या, "वाघ त्यांच्यापाशी असतोय, बेटा. तू निस्ती हाक मारायची. तूच वाघ झालीस तर मंग लेकरांनी जायचं कुटं?"

अशा पुष्कळ गोष्टी त्या सांगायच्या, पण शिकवतोय असं दाखवून नाही. पाणी पिता पिता, बुरखा खुंटीवरून काढता काढता सांगायच्या. चित्र आधी दाखवायचं नाही. "पयले त्यांचं त्यांना बघू दे. मंग पुस्तकातलं दाखव." पान उलटताना घाई करायची नाही, कारण लेकरं त्या पानाच्या काठाशी येऊन बसलेली असतात. गोष्ट संपली की लगेच प्रश्न विचारायचे नाहीत. पुस्तकं यायची पुण्याकडून. त्यात 'पेज' असायची, आणि आमच्या पोरींना पेज म्हणजे काय ते ठाऊक नसायचं. आपाबाई आधी छापलंय तसं 'पेज' वाचायच्या, मग हळूच म्हणायच्या, "म्हंजी आपली आंबील." पोरींच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसायचं.

आणि तात्पर्य त्या कधीच वाचत नसत. प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरात ती ओळ असायची. आपाबाईंचं बोट तिच्या आधी थांबायचं आणि पुस्तक मिटायचं. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी गोष्ट ऐकली, खूश झाले आणि पहिल्या रांगेतल्या पोरीला विचारलं, "छान! आता सांग पाहू, तात्पर्य काय?"

पोर उभी राहिली. इकडं तिकडं बघितलं. हात बांधून म्हणाली, "तात्पर्य आज आला न्हाई, सायब."

साहेब काय समजायचं ते समजले. आपाबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. साहेब गेल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून दोन शब्द सुनावले, तेव्हाही त्यांचं हसू पुरतं थांबलं नव्हतं.

इतकं मोकळं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही, कारण त्याच हिवाळ्यात मालन आजारी पडली.

मालन रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या एका फायरमनची पोर. हाडकुळी, सावळी, मोठ्या कानांची. वर्गात सगळ्यात उशिरा 'यायची' ती हीच. मालगाडीच्या इंजिनावर बाप दिसतो का ते बघत बसायची. पण एकदा गोष्टीत आली की पुन्हा बाहेर पडत नसे. त्या दिवसांत आपाबाई एका करडाची गोष्ट वाचत होत्या. गोष्ट मोठी होती, रोज थोडी थोडी चालायची. कळपातून चुकलेलं करडू घर शोधत निघतं, वाटेत भेटेल त्याला आईचा पत्ता विचारतं, अशी ती गोष्ट. करडू नदीच्या काठाला येऊन पोचलं आणि मालनला ताप भरला.

तो मुदतीचा ताप होता, टायफॉईड. रेल्वेचे डॉक्टर येऊन गेले, उतरायला वेळ लागेल म्हणाले. पोरींनी आपाबाईंना सांगितलं, "मालन इचारायली, करडाचं काय झालं म्हून."

आपाबाईंनी वर्गात ती गोष्ट तिथंच थांबवली. "मालन येऊ द्या. मंग समदे मिळून जाऊ नदीपल्याड." आणि शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन त्या रेल्वेच्या चाळीकडं निघाल्या. माझी खोली त्याच वाटेवर होती, मीही सोबत गेले.

दारात मालनची आजी बसली होती. उंच, वाळकी म्हातारी. तिनं मला बघितलं आणि सरकून वाट दिली. आपाबाई पुढं झाल्या तेव्हा ती पुन्हा होती तिथं येऊन बसली.

"तू हितंच थांब," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाई यायचं."

मालनची आई आतून कावरीबावरी होऊन बघत होती. सगळ्या चाळीला ठाऊक होतं. रझाकारांच्या धामधुमीत म्हातारीचा थोरला लेक गावाकडं शेतातच मारला गेला होता. ती त्यानंतर धाकट्याजवळ पूर्णेला आली, आणि आपाबाईंसारख्या बायांची सावलीही तिला सहन होत नसे.

मला वाटलं, आपाबाई परत फिरतील. त्यांनी मान हलवली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "जा, तू वाच."

मी आत जाऊन मालनच्या उशाशी बसले आणि वाचू लागले. तिनं थोडं ऐकलं. मग आपला तापलेला हात माझ्या हातावर ठेवला आणि मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली, "बाई, तुमी लय पळायलाव."

त्या खोलीला चाळीच्या मागल्या बाजूला एक खिडकी होती, गजांची, बुटकी. तिच्याबाहेर बोळ होता. आपाबाई चाळीला वळसा घालून त्या बोळात गेल्या आणि खिडकीखाली जमिनीवर बसल्या. मी गजांतून पुस्तक त्यांच्याकडं दिलं. आतून त्या दिसत नव्हत्या. फक्त आवाज आला.

"मालन, आलीस का गं?"

"आले," मालन म्हणाली.

मग रोज तसंच होऊ लागलं. शाळा सुटली की त्या बोळात जायच्या, मी आत. करडू नदीवर थांबलेलं होतं. त्याला पल्याड न्यायच्या आधी मालननं पहिल्यापासून सगळं ऐकायचं, असं दोघींचं ठरलं होतं. दिसत नसलेल्या पोरीला वाचून दाखवणं वेगळं असतं. वर्गात आपाबाई पोरींच्या डोळ्यांकडं बघून थांबत, इथं त्या श्वासाकडं कान देऊन थांबत. मालनला धाप लागली की आवाज थांबायचा. धाप बसली की पुढचा शब्द यायचा. एखादं चित्र आलं की पुस्तक गजांतून आत यायचं आणि मी ते मालनसमोर धरायचे.

वर्गात मागून तिला चित्र नीट दिसलं नसावं. इथलं पहिलं चित्र बघून ती म्हणाली, "हे न्हाई. हे पांढरं हाय. माझं करडू काळं हाय. कपाळावर ठिपका हाय त्याच्या."

बाहेरून आवाज आला, "मंग तुझंच खरं. पुस्तकवाल्यानं कुटं बघितलंय त्याला?"

आजी त्या वेळी कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेली असायची. ज्वारी निवडायची. तिनं कधी खिडकीकडं पाहिलं नाही, पुस्तकाकडंही नाही. पण आपाबाई वाचायला लागल्या की सूप हलायचं थांबायचं, हे मला दिसत होतं.

एक दिवस मालनला झोप लागली. आपाबाईंना ते आवाजावरून कळलं असावं, त्यांनी वाचणं थांबवलं. मग आजी भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, "तुझ्या घरचं कोनी गेलं का त्या सालात?"

बोळात पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

"भाऊ," आपाबाई म्हणाल्या. "पोलीस ॲक्शननंतर. वसमतच्या वाटेनं निघाला होता."

"सापडला का?"

"न्हाई, माय."

आजीनं विचारायचं ते तेवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी आपाबाई बोळात गेल्या तेव्हा खिडकीखाली घोंगडीचा एक तुकडा अंथरलेला होता. त्या त्यावर बसल्या.

मालनचा ताप उतरला नाही. मधे दोन दिवस बरं वाटलं, तिनं आंबील मागितली, आणि आम्हाला आशा लागली. त्या संध्याकाळी करडू पुन्हा नदीपाशी येऊन पोचलं. पलीकडच्या काठावर घंटेचा आवाज येत होता आणि मध्ये पाणी होतं.

"घरी जातंय का ते?" मालननं विचारलं.

"उद्या बघू," आपाबाई म्हणाल्या. "आता तू दमलीस."

पहाटे मालन गेली.

आम्ही शाळेतून गेलो तेव्हा दारात माणसं जमली होती. आपाबाई माणसांच्या मागं, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. बापाला गाडीवरून उतरवून आणलं होतं, त्याच्या अंगावर कोळशाचे कपडे तसेच होते. त्यानं पोरीला दोन्ही हातांवर घेतलं. ती माणसं दिसेनाशी होईपर्यंत आपाबाई तिथं उभ्या होत्या. परत येताना एकदाच बोलल्या. "वाचून टाकायला पायजे होतं गं. मी कामून थांबले?"

पोर दमली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसरं कुणीही थांबलंच असतं.

त्यानंतर वर्गात करडाची गोष्ट निघाली नाही. पोरी विचारायच्या, "आपाबाई, ते करडू?" त्या दुसरं पुस्तक काढायच्या. त्या वाचत, पण आधीसारखं पोरींच्या तोंडाकडं बघत बसणं त्यांनी सोडलं होतं. हजेरी झाली की वाचायला सुरुवात व्हायची.

मालनचं तेरावं होऊन गेल्यावर एका सकाळी शाळा भरत असताना आजी आली. अंगणात चपला काढल्या आणि थेट आपाबाईंच्या वर्गात शिरली. आपाबाई उठून उभ्या राहिल्या. म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती पोरींच्या मागं गेली. पोरींनी सरकून जागा दिली, तशी ती सतरंजीवर मांडी घालून बसली. मी दारात उभी होते.

"वाच," ती म्हणाली.

आपाबाईंनी हाताशी होतं ते दुसरंच पुस्तक उचललं.

"ते करडाचं वाच. माझी मालन रातभर इचारीत होती, घरी गेलं का म्हून. मला सांगता आलं न्हाई. मला काय ठावं?" म्हातारीनं कपाटाकडं बोट केलं. "तोंडानं सांगू नको. पुस्तकातलं वाच."

आपाबाईंनी कपाटातून ते पुस्तक काढलं. खाली बसल्या. बोट ओळीवर ठेवलं.

करडू नदीवर उभं होतं. पलीकडं घंटा वाजत होती. एक कोळी नाव घेऊन आला आणि त्यानं करडाला उचलून नावेत घेतलं. नाव मध्ये आली तेव्हा वारा सुटला. करडू थरथरायला लागलं, कोळ्यानं त्याला आपल्या धोतराच्या सोग्यात गुंडाळलं. आपाबाईंचं बोट अडत अडत पुढं जात होतं. एकदा ते इतका वेळ अडलं की मला वाटलं, आता होणार नाही. पोरी पुढं झुकल्या होत्या. म्हातारीही पुढं झुकून बसली होती. मग शब्द आला. नाव काठाला लागली. आई पाण्यात उतरून उभी होती. तिनं करडाला चाटलं आणि दोघं घरी गेली.

पुस्तक मिटलं.

"घरी गेलं?" आजीनं विचारलं.

"गेलं, माय."

"आन रंग? काळंच हाय न्हवं? कपाळावर ठिपक्याचं?"

शेवटच्या पानावर अर्धं पान भरून चित्र होतं. पांढरं करडू आणि पांढरी शेळी. आपाबाईंनी पुस्तक छातीशी धरलं.

"हां," त्या म्हणाल्या. "काळं. ठिपक्याचं."

"पुस्तकात तसंच लिव्हलंय?"

"तसंच लिव्हलंय, माय."

पुढच्या रांगेतल्या पोरींनी करडाची आधीची चित्रं पाहिलेली होती. त्यांतली एकही बोलली नाही. म्हातारी हात टेकून उठली, चपला घातल्या आणि गेली.

त्यानंतर ती अधूनमधून बाजाराच्या दिवशी यायची. पिशवी भिंतीशी ठेवून मागं बसायची, गोष्ट ऐकायची आणि उठून जायची. आपाबाईंशी दोन शब्दांपलीकडं बोलत नसे. घरी मात्र तिनं त्यांना कधी बोलावलं नाही, आणि आपाबाईंनीही तशी अपेक्षा केली नाही. तो उंबरा त्यांनी शेवटपर्यंत ओलांडला नाही.

भाषावार राज्यं झाली त्याच्या आसपास त्यांच्या मालकांची नोकरी संपली. क्वार्टर सोडायला लागलं. मुलगा हैदराबादला होता, त्याच्याकडं जायचं ठरलं. निघताना त्यांनी मला वर्ग दाखवावा तसा पोरींकडं हात केला आणि म्हणाल्या, "पळू नको." गाडी सुटेपर्यंत आम्ही फलाटावर उभ्या होतो. त्या बुरख्याआडून बघत होत्या की नाही, ते कळलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्या मालकांच्या ओळखीचा एक गार्ड गाडी घेऊन पूर्णेला आला. त्यानं शाळेत निरोप ठेवला की आपा वारल्या. थंडीत छातीचा विकार झाला होता. याहून जास्त त्यालाही माहीत नव्हतं.

मी शाळा सुटल्यावर चाळीत गेले. आजी दारात बसून शेंगा फोडत होती. मी सांगितलं. तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"कोन्या गावात पुरलं?"

"हैदराबादलाच असेल."

"असंल म्हंजी? इचारलं न्हाईस?"

मी नाही म्हटलं. ती उठून आत गेली. मी दारातच थांबले. तेवढ्यात शेजारची बाई विस्तव मागायला आली. त्या दिवसांत काडी वाचवायला शेजारणी एकमेकींच्या चुलीतला निखारा नेत. तिनं दारातूनच हाक मारली.

आतून म्हातारीचा आवाज आला.

"आज चूल न्हाई पेटायची, बाई. आमच्यात मयत झालीय."